माझे सांचे बघ

“त्याला सांग, दम लागला असेल तर बसून घे म्हणावं,” हे मला म्हणाले. लवू चार हातांवरच उभा होता, सागाच्या खोडाला धरून.

“वयनी, तेका सांगा, माझो दम मी बघतंय,” लवू म्हणाला.

“बघितलंस ना सुगंधा? ह्यांच्यापेक्षा सासवा-सुना परवडल्या!” लवूची बायको नलिनी म्हणाली आणि चहाची पिशवी घेऊन पुढे निघाली.

बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीच्या लेण्यांवरून टेकडीच्या माथ्यावर पायवाट जाते. पोरंसोरंही हसतखेळत चढतात. पण लवूच्या छातीत गिरणीचा कापूस बसलेला. दोन दिवसांनी तो कायमचा गावी जाणार होता. पुन्हा भेट होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून आम्ही दोघींनी हा घाट घातला.

दोघांनी एका गिरणीत शेजारी शेजारी सांचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. संप झाला तेव्हा हे शेवटपर्यंत बाहेर राहिले. लवूच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. तो मधेच कामावर गेला. ह्यांना गिरणीनं परत घेतलं नाही. साकीनाक्याला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसू लागले. तेव्हापासून अबोला.

माथ्यावर झाडी संपली आणि उघडा कातळ लागला. एका बाजूला तुळशीचा तलाव, दुसरीकडे दूर गोराईची खाडी चकाकत होती. दक्षिणेला नुसता धुरकटपणा. आमची गिरणी तिथून दिसणं शक्यच नव्हतं. तरी दोघं कातळाच्या दोन टोकांना बसून तिकडेच बघत राहिले.

वारा भणाणत होता. “चहा घ्या हो,” म्हणून मी ओरडले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात लवूनं हात वर केला.

सांचेखात्यात खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नसे. तिथं सगळे हातांनी बोलायचे. ह्यांना घरीही तीच सवय; भात पुरे, हे हातानंच सांगायचे. म्हणून मला थोडं कळत असे. लवूनं दोन बोटं डोळ्यांशी नेली, मग पाठीमागे दाखवली. चहाला जाताना शेजारच्याला करायची ती खूण. माझे सांचे बघ, मी जाऊन येतो.

हे बघत राहिले. नलिनीच्या हातात कप तसाच.

मग ह्यांनी पंजा छातीवर ठेवला आणि बाहेर झटकला. जा. मी आहे.

आम्ही उतरायला लागलो. वाटेत करवंदीची काटेरी फांदी आडवी आली. ह्यांनी ती हातानं वर धरली. लवू थांबत थांबत आला, वाकून खालून गेला. मागून नलिनी गेली, मी गेले.

वळून बघितलं, तर हे अजून फांदी धरूनच उभे होते.