मेल्यावरची सर्दी

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. महाराजांनी डोळे मिटले. "टाळ्या नकोत हं, बालकांनो! आत्मा बिचकतो."

आणि कर्ण्यातून आवाज आला, "अगं वेडे, रडतेस काय?"

पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या इस्त्रीवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. गेलेल्या नवऱ्याचाच आवाज! तो गमतीनं फुंकर घालायचा तिथं, मानेवर, ऊब जाणवली.

"मी सुखात आहे. पोरीला महाराजांच्या आश्रमात ठेव. कायमची."

"हो, ठेवते," ती हुंदक्यात म्हणाली. त्याचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

घरी येऊन ती पोरीचे फ्रॉक पिशवीत भरू लागली. आता एवढ्याशा खोलीत ती, इस्त्री आणि लोकांचे शर्ट. बोलायचं कुणाशी, कॉलरींशी?

पोरगी भरलेले फ्रॉक एकेक करून बाहेर काढत होती. मधेच म्हणाली, "आई, बाबांची सर्दी अजून बरी नाही झाली?"

"कसली सर्दी?"

"नाकातच बोलत होते की!"

तिचा हात थांबला. सभागृहाच्या दारात प्रत्येकाकडून गेलेल्या माणसाचा फोनमधला आवाज मागून घेत, आत्म्याला वाट सापडावी म्हणून. तिनं दिलेले नवऱ्याचे फोनवरचे निरोप त्याच्या शेवटच्या आठवड्यातले होते. नाक चोंदलेलं असतानाचे.

तिनं दिराला बोलावलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

"वहिनी, देह गेला आणि सर्दी तेवढी राहिली? अहो, थोडं बोलणं ऐकवलं की कॉम्प्युटर त्या आवाजात हवं ते बोलतो. असं करा, पुढच्या वेळी माझा आवाज द्या. मेलो म्हणून सांगा."

"भाऊजी! काहीतरी अभद्र बोलू नका."

पण तिनं दिला.

पुढच्या सभेत कर्णा दिराच्या आवाजात बोलला, "वहिनी, मी इथं सुखात आहे. पोरीला आश्रमात..."

"सुखात कुठला!" दीर तिसऱ्या रांगेत उभा राहिला. "केव्हाची खुर्ची टोचतेय, महाराज!"

कुणीतरी पडदा ओढला. मागे लॅपटॉप. महाराज 'माया, माया' करत मागच्या दाराकडे सरकले, पण लोकांनी त्यांना तिथंच अडवलं.

हशा पिकला, पण एक म्हातारी रडतच राहिली. "खोटा का असेना, माझा मुलगा बोलत होता गं. कशाला बंद पाडलंत?"

इस्त्रीवाली म्हातारीशेजारी बसली. "आजी, माझ्याही अंगावर काटा आला होता. तो खराच होता. आपल्या माणसाचा आवाज कानी पडला की अंग शहारणारच, मग बोलणारं यंत्र का असेना. पण त्या काट्याच्या भरवशावर मी माझी पोर देऊन टाकत होते."

घरी आल्यावर तिनं त्याचा खरा निरोप लावला. "उशीर होईल, जेवून घ्या." मग एक दणदणीत शिंक. पोरगी खुदकन हसली. निरोप संपला आणि खोली पुन्हा गप्प झाली.

त्या गप्पपणावर कुठल्याच महाराजांकडे औषध नाही. म्हणून गेलेलं माणूस बोलू लागलं, तर खुशाल रडा. पण ते काही मागू लागलं, तर डोळे पुसा आणि पडद्यामागे कोण आहे ते आधी बघा.

तिनं पोरीचे फ्रॉक पुन्हा खुंटीला अडकवले.