पडद्यामागचा बिशप

बिशपांच्या कार्यालयात माझं काम पाकिटांवर पदव्या लिहिण्याचं. साधे फादर म्हणजे रेव्हरंड, बिशप म्हणजे मोस्ट रेव्हरंड. एका साध्या फादरना मी चुकून मोन्सिन्योर ही वरची पदवी लिहिली. दोन वर्षं झाली, त्यांनी अजून चूक कळवलेली नाही.

मंगळवारी शिंपीकाका आले. सगळ्या धर्मगुरूंचे झगे तेच शिवतात. मी पदव्या शाईनं लिहितो, ते दोऱ्यानं : फादरना काळी किनार, बिशपांना जांभळी. रविवारी मिस्सेच्या उपासनेला मात्र ते देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दाराबाहेर उभे असतात. एकटेच.

"माझं पत्र कधी निघालं, बघ जरा," ते म्हणाले.

"कसलं पत्र?"

"बहिष्काराचं. वाट बघून कंटाळलो."

"काका, आपोआप बहिष्काराला पत्र नसतं. गुन्हा केला की माणूस त्याच क्षणी बाहेर. तिकिटाचासुद्धा खर्च नाही. पण तुम्ही केलंत काय?"

काकांनी सांगितलं. वडिलांच्या दुकानात बिशपांचा नवा झगा अंगात घालून ते पडद्यामागे आरशात बघत होते. झगा हातभर पडद्याबाहेर लोळत होता. तेवढ्यात एक बाई आली. जांभळी किनार दिसताच ती गुडघ्यांवर बसली आणि आपली पापं सांगू लागली.

"ओरडायचं ना, मी शिंप्याचा पोरगा म्हणून!"

"रडत होती रे ती. शेवटी घोगरा आवाज काढून म्हणालो, 'माफ केलं. जा.' पुढं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं, आपण धर्मगुरू नसताना पापांची माफी दिली की बहिष्कार. तेव्हापासून बाहेर."

"म्हणून लग्नही..."

"लग्नाला आत जावं लागतं."

मी त्या काळचं धर्मकायद्याचं पुस्तक काढलं, धूळ झटकली, कलम शोधलं.

"तेव्हा वय काय तुमचं?"

"तेरा."

"तेराव्या वर्षी आपोआप शिक्षा लागतच नाही, काका. तुम्ही कधी बाहेर गेलाच नाहीत."

काकांनी पुस्तक जवळ ओढून कलमावर बोट ठेवलं.

"साठ वर्षं दारात उभा होतो," ते म्हणाले. "एकानंही 'आत ये' म्हणू नये?"

यावर कलम नव्हतं. "आम्हाला वाटलं, तुम्हाला तिथं वारा लागतो," मी म्हणालो. खरंच वाटलं होतं.

रविवारी ते आत आले. शेवटच्या बाकावर मी रुमाल टाकून जागा धरली होती. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"बसा की, काका."

"थांब जरा. शेजारी माणूस असल्याची सवय नाही."

मी थोडा सरकलो. मिस्सा संपेपर्यंत ते बसले नाहीत.