अर्धी भरलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे, तपासणीच्या खोलीतली. रक्ताच्या नळ्या पोटात घेऊन मी गरगर फिरते. तांबडा गाळ तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी उरते. काही कर्करोग शरीरात दडी मारून बसतात. त्यांचे बारीक कण कधीकधी याच पाण्यात सापडतात.

माझी एकच अट असते. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. नळी एकटी असली, तर समोर तेवढ्याच पाण्याची नळी ठेवतात. जरा फरक पडला की माझे पित्त खवळते. तरुणपणी माझे कोण कौतुक होई! आता नवी यंत्रे आली आणि माझी धडधड सगळ्यांना खटकू लागली. मला अडगळीत टाकायचे घाटत होते.

एका सकाळी शिंपीकाकांना त्यांची लेक अक्षरशः ओढत घेऊन आली. काकांचे थोरले भाऊ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले होते. कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

"अहो ताई, सुई कापडात घालायची असते, माणसात नाही!" काका घामाघूम झाले होते.

रक्त घेणाऱ्या ताईंना दया आली. त्यांनी अर्ध्या नळीवरच सुई काढली आणि सवयीने माझ्यात समोर पाण्याची भरलेली नळी ठेवली. मी थडाथड हादरू लागले.

"पाणी कमी कर, होईल गप्प म्हातारी," शेजारची मैत्रीण म्हणाली.

"ती होईल गं गप्प. पण एवढ्याशा रक्तात काही निसटलं तर?" ताईंनी लगेच काकांच्या लेकीला फोन लावून माझ्या हादरण्याची गोष्ट सांगितली. काका कुरकुरत परत आले आणि डोळे घट्ट मिटून त्यांनी हात पुढे केला.

या नव्या, पूर्ण भरलेल्या नळीत संशयाची खूण सापडली. मग डॉक्टरांनी स्कॅन केले. गाठ इवलीशी होती, ऑपरेशन करून ती काढता आली. काका वाळले, पण वाचले.

पुढच्या तपासणीला दोघे आले, तेव्हा लेकीने माझ्या झाकणावर हात ठेवला. "मोठ्या काकांच्या वेळी कुठे होतीस गं तू?"

मित्रांनो, मला फार भरून आले. तुमच्या घरी कोणी सुईला घाबरत असेल, तर त्याला खुशाल हसा. पण हात धरून त्याला घेऊन या.