पाहुण्या झाडांचं पाणी

पेट्या दोन होत्या, देवदाराच्या, प्रत्येकी साडेतीन फूट लांब. एकीत चोवीस रोपं, दुसरीत तेवीस. मुळांना ओलं शेवाळ, वर सुतळी. सत्तेचाळिसांपैकी बेचाळीस रोपांचे डोळे फुगले होते, तीन शंकास्पद होती आणि दोन स्पष्ट मेलेली. सोबत पितळेची एक पाटी आणि लाखेची मोहोर असलेलं पत्र.

फाल्गुनात जपानची तीन लढाऊ जहाजं मुंबईला सदिच्छा भेटीवर आली होती. महायुद्धात ते सरकारचे दोस्त, आणि खानदेशचा कापूसही घेणारे. इथल्या व्यापाऱ्यांनी जहाजावर चांदीची पट्टी ठोकलेली कापसाची गाठ भेट पाठवली. उलट भेट म्हणून ही फुलझाडं धुळ्याला आली. परतताना, वैशाखात, जहाजावरचे दोन अधिकारी ती बघायला येणार होते.

मी नुकताच बी. एस्सी. होऊन कलेक्टर कचेरीत सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागलो होतो. शिरस्तेदार शालिग्रामपंतांनी झाडांचं काम मला दिलं. ती डाकबंगल्याच्या आवारात लावली. बंगल्याची विहीर चैत्रातच तळाला गेली होती, म्हणून पाणी पांझरा नदीच्या पाटातून घ्यायचं ठरलं. त्यासाठी पाटापासून बंगल्यापर्यंतची अर्धा मैल लांबीची एक जुनी, चार वर्षं बंद असलेली चारी साफ करून घेतली.

पाट फडाचा, म्हणजे एकाच पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतांच्या गटाचा होता. फडात सगळ्यांचं पीक एक, त्या वर्षी ऊस, आणि पाणी पाळीनं, वरच्या शेतापासून शेवटच्या शेतापर्यंत. मधे कुणालाही नाही. पाणी सोडणारा पाटकरी सुकदेव, साठीचा माणूस.

मी हिशेब केला. रोपामागे दोन घागरी, म्हणजे चौऱ्याण्णव. पाटाच्या तोंडाशी नारळाची करवंटी सोडून प्रवाहाचा वेग मोजला. एवढं पाणी चार मिनिटांत जातं. मी दुप्पट धरून आठ मिनिटं लिहिलं, दर तिसऱ्या दिवशी.

सुकदेवला कागद वाचून दाखवला. तो चारीतल्या भेगेत काठी घालून बघत होता. काठी हातभर आत गेली.

"भाऊ, पाट बी पानी पेस," तो म्हणाला. "तुम्हना कागद पेत नही."

"आबा, आठ मिनिटांत असं किती पिणार?"

"ते तुम्ही सांगा. शिकेल तुम्ही शेतस."

मला हसू आलं. कागद तसाच वर गेला आणि त्यावर हुकूम निघाला: झाडांना पाणी द्यावं, फडाच्या पाळ्यांचा क्रम बदलू नये.

पहिल्या दिवशी आठ मिनिटांत पाणी चारीत दीडशे पावलं गेलं आणि काळ्या मातीत मुरलं. शिपायाला हुकूम होता, झाडं भिजल्याशिवाय चारीचं दार बंद करायचं नाही. झाडांपाशी पाणी पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. तीन दिवसांत चारी परत वाळून फुटायची आणि परत तितकंच प्यायची.

तेवढी दोन तास चाळीस मिनिटं पाळीच्या शेवटून कापली गेली. फडात तूट आली तर पंच ती सगळ्यांवर सारखी वाटतात, पण त्यासाठी क्रम बदलावा लागतो, आणि हुकुमात तर तेच नको होतं. शेवटचं शेत मंजुळाबाईचं.

तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. वावर दीर जीवराम कसायला मागत होता. पंचांनी तिला एक पीक दिलं होतं: हा ऊस तिनं चरकापर्यंत नेला तर वावर तिच्या हाती, नाही तर जीवरामकडे.

ती कचेरीच्या पायरीशी आली तेव्हा वैशाख लागला होता. हातात पिवळं पडलेलं उसाचं पान.

"तुम्हीच का पानी मोजनारा?"

"हो."

"मंग मन्हं बी मोजा. तीन पाळ्या व्हई गयात, शेंड्याले थेंब नही."

मी शेतात जाऊन पाहिलं. मग शालिग्रामपंतांकडे गेलो आणि सांगितलं की माझा हिशेब चुकला, चारी किती पाणी पिते ते मी धरलंच नव्हतं. एक बैल आणि एक पखाल दिली तर सत्तेचाळीस झाडं सहज भिजतील.

"परराष्ट्राच्या भेटीला पखालीनं पाणी?" ते म्हणाले. "पाहुण्यांना पाट वाहता दिसला पाहिजे."

"पण आकडा चूक आहे."

"त्याच आकड्यावर साहेबांची सही झाली आहे. आता चूक म्हणून लिहून द्या, मी वर पाठवतो. उमेदवारीचे किती महिने राहिले तुमचे?"

"दोन."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि दुसऱ्या कामाला लागले. मी तो कागद घडी करून खिशात घातला.

वैशाखाच्या शेवटी तार आली. जहाजं कोलंबोवरूनच परस्पर मायदेशी गेली होती. मी प्रत्येक रोपाची साल नखानं खरवडून पाहिली. पाणी मिळूनही उन्हानं सगळी जळाली होती, आत हिरवं एकही नव्हतं. तरी झाडं उत्तम आहेत असं पत्र जहाजावर गेलं, मसुदा माझ्या हातचा. भाद्रपदात त्याचं आभाराचं उत्तर आलं, कप्तानाच्या छायाचित्रासह. ते चौकटीत बसवून कचेरीत लावलं. मला नोकरीत कायम केल्याचा, दोन महिने रखडलेला हुकूम त्याच आठवड्यात निघाला.

मार्गशीर्षात फडाचा ऊस तोडणीला आला. मी गेलो तेव्हा चरक चालू होता आणि मंजुळाबाईच्या वावरात जीवरामची माणसं नांगर घेऊन उभी होती. अर्ध्याहून जास्त ऊस जागीच वाळला होता. ती उरलेला तोडत होती.

"उनात का परत मोजाले?" तिनं मान वर न करता विचारलं.

सुकदेव बांधावर बसला होता. त्यानं तिच्या ढिगातला एक ऊस उचलून माझ्या हातात दिला.

उसाची वाढ कांड्यांवर वाचता येते. पाणी असलं की कांडं लांब, नसलं की आखूड. मी खिशातून पट्टी काढली आणि बुडापासून मोजत गेलो. माघातलं कांडं साडेचार इंच. फाल्गुनातलं चार इंच. चैत्रातलं दोन इंच. वैशाखातलं पाच अष्टमांश इंच.