शेवटचा गोठा

गावातले सगळे गोठे उरकले की शेवटी भावाचा, हा तिचा ठरलेला क्रम. परकी माणसं ताटकळली की तोंड वाजवतात, घरची थांबतात. गेली पंचवीस वर्षं ती दवाखान्यातर्फे गुरांना लस टोचत होती आणि पंचवीस वर्षं दादाच्या गाईंची पाळी शेवटीच येत होती. त्याने कधी ब्र काढला नाही.

लम्पीची लस मोठी नखरेल. बाटलीत कोरडी पूड असते. पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, पुढे तिचा भरवसा नाही. एका बाटलीत शंभर डोस. त्या दिवशी बाटली फोडली तेव्हा दहा वाजले होते. मग कुणाच्या तरी खोंडाने दावं तोडलं, त्याला धरता धरता सगळी गल्ली पळाली, आणि दादाचं दार गाठेपर्यंत दीड वाजून गेला. बाटलीत चौदा डोस उरले होते. दादाच्या गाई अकरा. पेटीत दुसरी बाटली होती, पण ती फोडायची, एकोणनव्वद डोस ओतून द्यायचे आणि वर डॉक्टरांची बोलणी खायची! तिच्या पायात त्राण उरलं नव्हतं. तिने उरलेलीच लस टोचली, वहिनीने दिलेला चहा प्यायली आणि घरी जाऊन आडवी झाली.

तीन आठवड्यांनी पलीकडच्या वस्तीत लम्पी आला, गुरांच्या अंगावर गाठी उठल्या. दादा निर्धास्त होता. माझ्या गाई बहिणीने टोचल्यात, असं चारचौघांत सांगत होता. इतकंच नाही, त्या वस्तीतल्या मित्राची एक धडधाकट दिसणारी गाय त्याने सांभाळायला आणून आठ दिवस आपल्याच गोठ्यात बांधली होती. वहिनीने फोनवर हे सहज सांगितलं, तशी ती उठली, पेटी उचलली आणि निघाली.

दादा गोठा झाडत होता. तिने उंबऱ्यातूनच सांगून टाकलं.

"दादा, तुझ्या गाईंना टोचली ती लस फुकट गेलेली होती. वेळ उलटून गेली होती. मला ठाऊक होतं."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने झाडू ठेवला, मित्राची गाय सोडली आणि लांब बांधावर नेऊन बांधली. मग एकेका गाईला धरू लागला. ती ताप बघत गेली. दहा गाई ठीक होत्या. अकरावी बांडी, अंगावर पांढरे पट्टे असलेली, वहिनीच्या हाताखाली वाढलेली. तिला एकशे पाच ताप होता, आणि मानेखाली बोटांना हरभऱ्याएवढी गाठ लागली.

"हिला आता टोचून उपयोग नाही," ती म्हणाली.

वहिनीने बांडीच्या कपाळावर हात ठेवला. नणंदेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बांडीला वेगळं बांधून झालं.

"बाकीच्यांना टोच," दादा म्हणाला.

तिने पेटीतून बाटली काढली. दादा जवळ येऊन उभा राहिला.

"ही कधी कालवलीस?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"अजून नाही. आता तुझ्यासमोर कालवते," ती म्हणाली.

दादाने मान हलवली, आणि मनगटावरचं घड्याळ बघून ठेवलं.