पुळणीचं नाव

"कमरेएवढं," नावेच्या टोकावरून सून ओरडली आणि तिनं बांबू पुन्हा पाण्यात खुपसला. "आता मांडीएवढं. मामंजी, डावीकडे घ्या."

तांडेलानं सुकाणू हलवलं नाही. "बांबू ठेव बाजूला. या नदीत माझी हयात गेलीय."

नावेचा तळ खरवडला आणि नाव जागच्या जागी बसली. कुणाचीतरी कांद्याची पाटी कलंडली.

ही नदी दर पुरात कूस बदलायची. काल जिथं हत्ती बुडेल एवढं पाणी, तिथं आज पाण्याखाली वाळूची पुळण. कागदावरचे नकाशे तिच्यापुढे टिकत नसत, म्हणून तांडेलांनी आपला रिवाज पाडला होता. जो पहिला रुतेल, त्याचं नाव पुळणीला. तिथून जाणाऱ्या प्रत्येक नावेनं ते मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे मागचा सावध होतो. जावयाची पुळण, पिंजाऱ्याची पुळण. माणसं मरून गेली, नावं तेवढी राहिली.

या तांडेलाच्या नावाची एकही नव्हती. हे तो चारचौघांत सांगायचा. खोकल्या नावाच्या दुसऱ्या तांडेलाची पुळण आली की पुकार होण्याआधी हा मुद्दाम खोकायचा आणि उतारूंना हसवायचा.

आज ओढून काढायला आला तो नेमका खोकल्याच.

"काय तांडेल, डुलकी लागली काय?"

"माझं चुकलं, काका," दोर गुंडाळत सून म्हणाली. "मीच खोली चुकीची सांगितली."

तांडेलानं तोंड उघडायला हवं होतं. तो वाकला आणि दोराची गाठ तपासू लागला. गाठ पक्की होती.

"मग झालं, सुनेची पुळण," खोकल्या म्हणाला. "पोरी, सासऱ्याला जन्मात जमलं नाही ते तू वर्षात कमावलंस."

उतारू हसले. तांडेलाचेही ओठ हसल्यासारखे हलले. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं मान पाण्याकडे फिरवली.

जेवताना मुलगा म्हणाला, "आबा, उद्यापासून हिला घरीच राहू दे. धक्क्यावर लोक टिंगल करतायत."

सून वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"बघू," तांडेल ताटाकडे बघत म्हणाला. घास तोंडात नुसताच फिरत राहिला.

"अजून घेता, मामंजी?"

त्यानं नुसता हात आडवा धरला. तिच्याकडे बघायचं त्याच्यानं झालं नाही.

सकाळी मुलगा बांबू घ्यायला उठला, तर सून आधीच जाऊन नावेच्या टोकाशी उभी होती. तांडेल सुकाणूवर बसला.

पुढं खोकल्याची नाव होती. वळणावर तिच्यावरून हाळी आली, "सुनेची पुळण!" पाठोपाठ हसण्याची लाट. आता यांची पाळी. पुकारायचं काम बांबूवाल्याचं. सुनेनं पदर खोचला, श्वास घेतला.

"सासऱ्याची पुळण!"

आवाज मागून आला होता. चिरका, अर्धवट. तांडेल उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पुन्हा पुकारलं, "सासऱ्याची!" पुढच्या नावेवरचं हसू थांबलं. खोकल्या वळून बघत होता.

नाव तिरकी होऊ लागली.

सुनेनं मागं वळून पाहिलं नाही. बांबू पाण्यात सोडत ती म्हणाली,

"मामंजी, सुकाणू धरा."

त्यानं धरलं.