माढ्याचा नवा राउटर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याची जिल्ह्यात सात तपासणी केंद्रं होती. केंद्रात रुग्णाच्या डोळ्याचा फोटो काढायचा, सोलापुरात डॉक्टरांनी तो पाहायचा आणि रुग्णाची परतीची गाडी निघण्याआधी निदान कळवायचं. ही केंद्रं इंटरनेटने दवाखान्याशी जोडलेली ठेवायचं काम अकरा वर्षं गंगाधररावांकडे होतं. राउटरमधली एखादी सेटिंग बदलायची झाली, की लॅपटॉप पिशवीत घालून ते एसटी धरायचे. सात केंद्रं म्हणजे सात फेऱ्या.

गेल्या वर्षी ऋतुजा नावाची इंजिनिअर रुजू झाली. तिने ठरवलं, सगळे नियम एकाच सर्व्हरवर लिहायचे. राउटरने सुरू होताच सर्व्हरला आपली ओळख सांगायची, सर्व्हरने त्याच्या कामाचे नियम पाठवायचे आणि राउटरने ते लावून पोच द्यायची. पुढे नियम बदलला, तर सर्व्हरच सगळ्यांना कळवणार. गंगाधररावांच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती, पण हे ऐकून आता आपली गरज संपली असं त्यांनी मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा वही घेऊन त्यांच्या टेबलाशी बसली.

"काका, केंद्रावर गेल्यावर तुम्ही काय काय करता ते सांगा. आणि का करता, तेही."

तीन दिवस ते सांगत होते. बार्शीला एकदा कुणीतरी सिनेमा उतरवत बसलं, फोटो अडकले आणि एक म्हातारी निदान न घेताच गावी गेली. तेव्हापासून ते बार्शीत सकाळी दहा ते दोन फोटोंना पहिली वाट देत, बाकीचं सगळं मागे. ऋतुजाने त्याचा नियम केला. तो एकट्या बार्शीला नाही, तर 'तपासणी केंद्र' म्हणून नोंदलेल्या प्रत्येक राउटरला लागू होणार होता.

मग एके दिवशी विजेचा दाब वाढून माढ्याचा राउटर जळाला. दुसऱ्याच सकाळी गंगाधररावांच्या पत्नीचं, शकुंतलाबाईंचं, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तरी सवयीने त्यांनी पिशवी भरायला घेतली.

"तुम्ही नका जाऊ," ऋतुजा म्हणाली. "नवा राउटर एसटीच्या पार्सलने पाठवलाय. अक्कम्मा जोडेल."

अक्कम्मा माढ्याच्या केंद्रात फोटो काढायची. दुसऱ्या सकाळी शकुंतलाबाईंना ऑपरेशनला आत नेलं होतं, तेवढ्यात गंगाधररावांना अक्कम्माचा फोन आला. "सर, जोडलं सगळं. दोन दिवे लागल्यात, तिसरा लागंना. हितं अकरा माणसं बसल्यात."

तिसरा दिवा सर्व्हरचे नियम लागल्यावरच लागायचा. ऋतुजाने पडद्यावर पाहिलं. सर्व्हर त्या राउटरला ओळखतच नव्हता, आणि अनोळखी यंत्राला काहीही द्यायचं नाही, हा आग्रह गंगाधररावांचाच.

"अक्कम्मा, राउटरच्या खाली चिठ्ठी आहे ना? तिच्यावरचा नंबर एकेक करून वाच," ते म्हणाले.

तिने सावकाश वाचला. "आन् शेवटाला शून्य हाय बघा."

ऋतुजाने सर्व्हरवरच्या नोंदीत त्या शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिला होता. "माझीच चूक, काका," ती म्हणाली आणि नोंद दुरुस्त केली.

"आता एकदा बंद करून चालू कर, अक्कम्मा," गंगाधररावांनी सांगितलं.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. माढ्याच्या नावापुढे एकेका नियमाची पोच उमटू लागली. फोटोंना पहिली वाट, ती ओळही आली. आपण बोललेलं आपल्याआधी माढ्याला पोचलं, हे पाहून गंगाधररावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"लागला की तिसरा," अक्कम्मा म्हणाली.

पावणेअकराला एका बाईंच्या डोळ्याचा पहिला फोटो आला. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, या बाईंना इंजेक्शन लागेल, परवा सोलापूरला घेऊन या. माढ्याला निरोप गेला तेव्हा बाई अजून केंद्रातच बसून होत्या.

"ऋतुजा," गंगाधरराव म्हणाले, "मला विचारलंस, ते फार बरं केलंस बाई. नुसतं लिहून टाकलं असतंस तरी मी काही बोललो नसतो."

"तुम्हाला न विचारता मी काय लिहिणार होते, काका? जा आता वर. बाकीचं मी बघते."

ते जिना चढून वर गेले. शकुंतलाबाईंना नुकतंच खाटेवर आणलं होतं, एका डोळ्यावर पट्टी होती.

"माढ्याला जायचं होतं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"झालं तिथलं," असं म्हणून गंगाधररावांनी स्टूल जवळ ओढलं आणि त्यांचा हात हातात घेतला.